पुजलेला मार्च महिना

मित्रांनो, माझा जन्म पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका टेकडीवरच्या चर्चमध्ये झाला. भिंतीवरचा चुन्याचा गिलावा ओला असताना, तो वाळायच्या आत, एका थोर चित्रकाराने श्वास रोखून मला रंगवलं.

यातलं फारसं काही खरं नाही. पाचशे वर्षांपूर्वी रंगवलं गेलं ते मूळ चित्र. चित्रकारही थोर नसावा, कारण त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मी त्या चित्राची रंगीत नक्कल, म्हणजे एक जुना छापील कागद आहे. नेमकं सांगायचं तर मी १९७४ सालच्या कॅलेंडरातला मार्च महिना आहे. मूळ चित्र मी कधी पाहिलेलं नाही.

मला छापलं मिलान शहरातल्या एका छापखान्यात. पिवळा, लाल, निळा, काळा असे चार रंग एकावर एक बसवून मला तयार केलं. निळ्याच्या पाळीला कागद केसभर सरकला. त्यामुळे माझ्यातल्या प्रत्येक वस्तूला दोन कडा आहेत. छापखान्यातल्या माणसाने मला उजेडात धरून पाहिलं आणि ‘चालतंय’ अशा अर्थाचं काहीतरी इटालियनमध्ये म्हणून पुढे ढकललं. जगातल्या बऱ्याच गोष्टी अशाच तयार होतात, हे मला पुढे कळलं.

ते कॅलेंडर सूतगिरणीची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचं होतं. कंपनी ते आपल्या गिऱ्हाइकांना फुकट वाटायची. अशा रीतीने मी म्हैसूरला आलो आणि शहराबाहेर बेळगोळला एका कारखान्यात मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागे लटकलो. मार्चभर माझी पुष्कळ वट होती. एक एप्रिलला मला फाडलं.

इथे माझ्यात काय काय आहे ते सांगितलं पाहिजे. डावीकडे पंख असलेला एक गोरा तरुण गुडघा टेकून बसला आहे. त्याच्या हातात पांढऱ्या फुलांची काडी. उजवीकडे कमानीखाली निळं वस्त्र पांघरलेली एक बाई बसलेली. दोघांच्या डोक्यामागे सोनेरी प्रभावळ. बाईच्या मांडीवर पांढरं काहीतरी उघडलेलं आहे आणि त्यावर बारीक ओळी आहेत. वर एक कबूतर. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्या चर्चच्या गावाचं नाव.

फाडलेला मी केराच्या टोपलीत जाणार होतो. पण त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये शेषगिरी नावाचे गृहस्थ कामाला होते, आणि जाड कागद वाया गेलेला त्यांना बघवत नसे. त्यांनी माझी सुरळी केली, ती सायकलच्या दांडीला बांधली आणि मला अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतल्या आपल्या घरी आणलं.

घर म्हणजे पुढच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ विठ्ठलराव यांचं टेलरिंगचं दुकान, मधल्या खोलीत देव, मागे स्वयंपाक. विठ्ठलराव ब्लाऊज शिवण्यात अग्रहारात पहिले. हे त्यांचं स्वतःचं मत होतं, पण अग्रहारात ते कुणी खोडून काढलं नव्हतं.

“वहिनी, हे घ्या,” शेषगिरी म्हणाले. “कमलाच्या पुस्तकाला कव्हर घालायला. इटलीचा कागद. फाटायचा नाही बघा.”

वहिनी म्हणजे शांताक्का, विठ्ठलरावांच्या पत्नी. त्यांची मुलगी कमलाक्षी तेव्हा नववी संपवून दहावीला चालली होती. शांताक्कांनी मला जमिनीवर पसरलं, कात्री घेतली, माझ्या मधोमध लावली. आणि थांबल्या.

“अय्यो! याला पंख आहेत की!”

“असतील. पक्ष्याचं चित्र असेल.”

“पक्षी गुडघे टेकतो काय रे? हा गरुड. आणि ही रखुमाई. बघ की, कमानीत बसलीय.”

पुढच्या खोलीतून मशीनवरचा पाय न थांबवता विठ्ठलरावांनी विचारलं, “गरुडाला चोच कुठाय?”

“नाक बघा की त्याचं.”

नाक खरोखरच लांब होतं.

“वर ते कबूतर कशाला?”

“देवळात पारवे असतातच. गुरुजींनी हाकलले तरी असतात.”

“आणि मग विठोबा कुठाय?”

“यायचाय,” शांताक्का म्हणाल्या. “तेच सांगायला आलाय हा. देव येतोय म्हणून.”

मित्रांनो, या चित्राबद्दल पुढे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं. पण एका नजरेत अर्थाच्या इतकं जवळ कुणी पोचलं नाही. नावं तेवढी चुकली.

मला फ्रेम करायला मानाजीरावांकडे नेलं. त्यांच्या दुकानात फ्रेमचं माप एकच, देवाचं. आजोबांचा फोटो असो की मेडल, सगळ्यांनी त्या मापात बसायचं. मी जरा रुंद होतो. मानाजीरावांनी खालच्या तारखा कापल्या, आणि उजवी कड बोटभर सोनेरी पट्टीखाली सारली.

“कड झाकली जाते की हो,” शेषगिरी म्हणाले.

“कडेला काय असतंय? देव मधेच असतो,” मानाजीराव म्हणाले. खालचं गावाचं नाव मात्र त्यांनी राहू दिलं. ते देवांची चित्रं छापणाऱ्या शिवकाशीच्या छापखान्याचं नाव असावं अशी त्यांची समजूत होती, आणि छापखानेवाल्यांशी वाकडं नको, असा त्यांचा विचार होता.

मधल्या खोलीत मला टांगलं. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझे सुखाचे दिवस सुरू झाले. रोज सकाळी नागरत्नाबाईंकडून मोगऱ्याचा हार यायचा. कोपऱ्यावरच्या अश्वत्थाच्या कट्ट्यापाशी त्या फुलं विकायच्या. शांताक्का काचेवर दोन ठिकाणी कुंकू लावायच्या, एक रखुमाईला, एक गरुडाला. माझ्या देशात देवदूताला कुंकू लावत नाहीत. पण मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते त्याला शोभायचं.

कमलाक्षी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा घरात पहिली ठिणगी पडली.

“शिक्षण पुरे,” विठ्ठलराव म्हणाले. “हुक लावायला, काजं करायला मला माणूस पाहिजे. बाहेरचा ठेवला तर बटणं खिशात घालून जातोय.”

“तिला कॉलेजात जायचंय,” शांताक्का म्हणाल्या.

“आपल्या घराण्यात कुठली बाई कॉलेजात गेलीय?”

शांताक्कांनी माझ्याकडे बोट केलं. “रखुमाई काय करतेय बघा. मांडीवर पुस्तक उघडून बसलीय. ओळी दिसतात की! दारात गरुड आला तरी मान वर करत नाही, इतकी वाचतेय.”

विठ्ठलराव चष्मा पुसून जवळ आले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना मुलगी मशीनवर हवी होती, त्यामुळे ते जे म्हणाले त्यात काही अर्थ असेल असं कुणालाच वाटलं नाही.

“पुस्तक कशावरून? कापड असेल. हेमिंग करत असेल.”

“देवी हेमिंग करते काय? तिला शिंपी मिळत नाही?”

“मिळत नसेल. सणाचे दिवस असतील.”

“तुम्हाला आभाळ दाखवलं तरी किती मीटर म्हणून विचाराल. पुस्तक आहे ते.”

विठ्ठलरावांना शिंपी आणि देवी यांच्यात कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. ते म्हणाले, “सरी, सरी. बरं. रखुमाईच वाचत असेल तर मी कोण?” आणि कमलाक्षी कॉलेजात गेली.

तिथे ती इतिहास शिकली, आणि तिसऱ्या वर्षाला तिचा घात झाला. नरसिंहमूर्ती नावाचे एक प्राध्यापक होते. अग्रहारातच राहायचे, या घरासारखंच घरी मराठी बोलायचे, आणि पत्नी सीतालक्ष्मी यांचे ब्लाऊज विठ्ठलरावांकडेच शिवायला टाकायचे. त्यांनी वर्गात इटलीतल्या भित्तिचित्रांचं एक मोठं पुस्तक फिरवलं. त्यात पंखवाले गुडघे टेकून बसले होते, प्रत्येकासमोर एक निळी बाई, आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं की हे कोण.

त्या संध्याकाळी कमलाक्षी घरी आली, चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “देवा.” कुठल्या देवाला म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिची अडचण समजून घ्या. बी. ए.चं शेवटचं वर्ष चालू होतं. ज्या रखुमाईच्या जोरावर ती कॉलेजात गेली, ती रखुमाई नव्हतीच, हे तिला कॉलेजात गेल्यामुळेच कळलं होतं. आईला सांगितलं तर आईचा मुद्दा गेला. वडिलांना सांगितलं तर कॉलेज गेलं. म्हणून तिने सकाळची पूजा आपल्याकडे घेतली. देवदूताच्या कपाळावरचं कुंकू दिवसेंदिवस मोठं होऊ लागलं. हार एवढा खाली येऊ लागला की गावाचं नाव झाकलं जावं. नाकाला तिने थोडी हळदही लावली. तिथे ती चोचीसारखी दिसेल असा तिचा अंदाज होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

“पोरगी शिकली आणि भक्तीला लागली,” शांताक्का शेजारणींना सांगायच्या.

मग दसरा आला. म्हैसुरात दसऱ्याआधी शिंप्याच्या घरात जेवायला वेळ नसतो, पण आयुधपूजेच्या दिवशी मात्र सगळं थांबतं. मशीनला गंध, हार. कात्री, टेप, इस्त्री, सुया, सगळं पाटावर पूजेला. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. नेमके त्या सकाळी नरसिंहमूर्ती आले.

“विठ्ठलराव, हिचा ब्लाऊज?”

“झालाय सार. हुक तेवढे राहिलेत.”

“लावून द्या की. उद्या मिरवणूक बघायला तोच घालायचाय म्हणून बसलीय.”

“सुई पूजेला ठेवलीय.”

“एवढ्या सुयांतली एक काढली तर काय होतंय?”

विठ्ठलराव गंभीर झाले. “सार, तुमच्या घरी आज पुस्तकं पूजेला ठेवली असतील. त्यातलं एक काढून वाचाल का?”

नरसिंहमूर्तींनी ती पुस्तकं एरवीही बऱ्याच दिवसांत काढली नव्हती.

“उद्या सकाळी पूजा हलवली की पहिलं तुमचं काम. आता आत या, प्रसाद घ्या.”

असे ते मधल्या खोलीत आले. चुरमुऱ्यांचा पहिला घास तोंडात टाकला, वर पाहिलं, आणि चावायचे थांबले.

“हे चित्र कुठलं?”

“रखुमाई, सार,” शांताक्का म्हणाल्या. “आणि गरुड.”

कमलाक्षी पाण्याचा तांब्या घेऊन वडिलांच्या मागे उभी होती. ती जोरजोरात मान हलवून ‘नको, नको’ म्हणत होती. पण जन्मभर वर्गात बोलत आलेल्या माणसाला समोरची हलणारी मान नेहमी होकाराचीच वाटते.

“छे छे!” नरसिंहमूर्ती उत्साहाने म्हणाले. “ही येशूची आई, मारिया. हा गरुड नव्हे, देवदूत. तुझ्या पोटी देव जन्माला येणार, हे सांगायला आलाय. मूळ चित्र भिंतीवर असतं, बरं का. ओल्या गिलाव्यात रंग मुरतो, म्हणून शेकडो वर्षं टिकतं.” मग त्यांची नजर तांब्याकडे गेली. “अगं, तू आमची कमलाक्षी ना? तुला तर माहीतच आहे! पुस्तक फिरवलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ तूच बघत होतीस.”

शेषगिरींच्या तोंडातले फुटाणे तेवढे ऐकू येत होते.

“तुला ठाऊक होतं?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“होतं, अप्पा.”

“आणि तरी कुंकू लावत होतीस?”

“मोठं लावत होते,” कमलाक्षी म्हणाली. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती.

विठ्ठलराव आवाज चढवत नसत. त्यांनी तो उतरवला. “घरातली देवी वाचतेय म्हणून तुला पाठवलं. देवीच आपली नव्हे. मग संपलं. दसरा झाला की मशीनवर बसायचं.”

“अप्पा, परीक्षा मार्चमध्ये आहे. एवढंच वर्ष.”

“मार्च आला की बघू,” विठ्ठलराव म्हणाले. मी स्वतः मार्च असल्यामुळे मला ते जरा लागलं.

नरसिंहमूर्तींना आपल्या हातून काय झालं ते उशिरा कळलं. ते चुरमुऱ्यांची वाटी तशीच ठेवून, चप्पल पायात अर्धी सरकवून निघून गेले.

त्याच दुपारी विठ्ठलरावांनी मला खाली उतरवलं. पुजलेलं चित्र टाकून देता येत नाही. आमच्याकडे त्याची रीत आहे, आणि ‘आमच्याकडे’ हा शब्द मी तोवर वापरायला लागलो होतो. काच फुटलेले, रंग गेलेले देव अश्वत्थाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवतात. मग ते झाडाचे. विठ्ठलरावांनी मला अस्तराच्या कापडात गुंडाळलं.

“पुजलेलं आहे हो ते,” शांताक्का दारात आडव्या झाल्या.

“कुणाचं? येशूच्या आईचं. तिला राग यायचा असेल तर एवढी वर्षं रखुमाई म्हटल्याचा आधीच आला असेल.”

कट्ट्यावर मी उतरलो तेव्हा तिथे बरीच मंडळी होती. तोंड पुसट झालेली एक लक्ष्मी, काच तडकलेले बालाजी, सोंड गेलेला गणपती, आणि तांदळाच्या दुकानाच्या कॅलेंडरातला एक मारुती. मारुतीखाली नोव्हेंबर महिना अजून शाबूत होता. कॅलेंडरवाला भेटला म्हणून मला बरं वाटलं. सगळ्यांनी मला निमूट जागा दिली. कुठून आलास, असं कुणीही विचारलं नाही.

संध्याकाळी बायका झाडाला प्रदक्षिणा घालायला आल्या. जाता जाता सगळ्यांना कुंकू लावलं, मलाही लावलं. मी तिथेच राहिलो असतो तरी चाललं असतं, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी झाडाला घागरभर पाणी घातलं आणि ते माझ्याकडे वाहत आलं. माझं मत बदललं.

विजयादशमीच्या सकाळी नागरत्नाबाई फुलांची टोपली घेऊन आल्या. मला बघून टोपली खाली ठेवली, मला उचललं, पदराने पुसलं, आणि तशाच तरातरा विठ्ठलरावांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्याने बोलायची त्यांना सवय होती. मधे रस्ता, रिक्षा आणि गिऱ्हाईक धरून त्या बोलायच्या.

“विठ्ठलराव! ही तुमची की नाही?”

“होती.”

“काच फुटली का? नोडी, नीट बघा. फुटली?”

“नाही.”

“रंग गेला?”

“नाही.”

“मग कट्ट्यावर कशाला? फुटलेल्या देवांची जागा आहे ती. धडधाकट देव आणून टाकायला धर्मशाळा आहे का? हातीपायी धड असलेल्या आईला कुणी घराबाहेर बसवतं का? तेही दसऱ्याला?”

“ती आमची नव्हे, बाई. किरिस्तांवांची आहे.”

“असू दे. एवढी वर्षं माझ्याकडचा हार घातला की नाही? तेव्हा बोलली का ती, मला नको म्हणून?”

एवढं बोलून त्या सरळ मधल्या खोलीत शिरल्या. नागरत्नाबाईंनी मला पुन्हा खिळ्यावर लटकवलं, सवयीने हार घातला आणि म्हणाल्या, “आजचा माझ्यातर्फे.” मग रस्त्यावर जाऊन हेच सगळं पुन्हा एकदा लोकांना सांगितलं.

एवढ्यात नरसिंहमूर्ती ब्लाऊज न्यायला आले. खरं तर त्यांना यायचं नव्हतं, पण सीतालक्ष्मींनी पाठवलं होतं. मिरवणूक दुपारी होती. पूजा हलली होती, सुया मोकळ्या झाल्या होत्या. पण ब्लाऊज शांताक्कांच्या मांडीवर होता आणि सुईत दोरा नव्हता.

“हुक?” नरसिंहमूर्तींनी विचारलं.

“लावते की,” शांताक्का म्हणाल्या. “तुम्ही आधी यांना सांगा.”

“काय सांगू?”

“काल जे सांगितलंत, त्याचं पुढचं.”

नरसिंहमूर्तींनी घड्याळ पाहिलं, ब्लाऊज पाहिला, कोपऱ्यात रडून डोळे लाल करून उभी असलेली विद्यार्थिनी पाहिली. त्यांनी घसा साफ केला.

“विठ्ठलराव, रखुमाई नसेल. पण आईच आहे. देवाची आई.”

“ते राहू दे सार. मला एकच सांगा. मांडीवर आहे ते काय?”

“पुस्तक.”

“नक्की? मला ते कापड वाटतंय. हेमिंग चाललंय.”

“पुस्तकच. अशा चित्रांत ती वाचत असते. तशी पद्धतच आहे. त्यांचा धर्मग्रंथ.”

“तुम्ही जवळून पाहिलंय?”

“मी एम. ए. आहे,” नरसिंहमूर्ती म्हणाले.

विठ्ठलरावांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला खाली काढता येत नव्हतं, कारण काच फुटली नव्हती. मला वर ठेवायचं, तर मांडीवरच्या त्या वस्तूसकट ठेवायचं.

“सरी,” ते शेवटी म्हणाले. “परक्यांची देवी वाचते आणि आपली पोरगी घरात बसवली, असं नको. पण नीट ऐकून ठेवा. पुस्तक आहे म्हणून पाठवतोय. कापड असतं तर पाठवलं नसतं.”

“पुस्तकच आहे!” सगळे एकदम म्हणाले. त्यात मीही होतो.

शांताक्कांनी दोरा ओवला. कमलाक्षीने आईच्या हातून ब्लाऊज घेतला आणि सगळे हुक स्वतः लावले. एक उलटा लागला. सीतालक्ष्मींनी मिरवणूकभर पदर घट्ट धरून ठेवला, असं ऐकलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. कमलाक्षी बी. ए. झाली, एम. ए. झाली, सरकारी कॉलेजात इतिहास शिकवू लागली. लग्न केलं, बदल्या झाल्या, म्हैसूरला परत आली. दरवर्षी वर्गात भित्तिचित्रांचा धडा आला की ती मला पिशवीत घालून न्यायची. मुली माझ्याकडे बघायच्या. एकीने विचारलं, “मॅडम, देवदूताला हळद का लागलीय?” मॅडमनी तो प्रश्न परीक्षेला येणार नाही, असं सांगितलं.

पण मित्रांनो, सुख कायम राहत नाही, आणि भिंतीमागे न्हाणीघर असेल तर मुळीच नाही. मूळ चित्र ओल्या भिंतीवर रंगवलं म्हणून शतकानुशतकं टिकलं. मला ओल्या भिंतीवर टांगलं म्हणून मी कुजायला लागलो. आधी देवदूताच्या पंखावर तपकिरी डाग आला. मग तो गुडघ्यापर्यंत उतरला. कबूतर संपूर्ण गेलं. शांताक्का म्हणाल्या, “हाकललं वाटतं कुणीतरी.” लोक तयार कपडे घेऊ लागले तशी पुढची मशीनंही गप्प झाली. खऱ्या हाराच्या जागी प्लास्टिकचा आला, त्याच्यावर धूळ आली, आणि मग मोबाइल चार्ज करायचं बोर्ड बसवायचं म्हणून मला कोपऱ्यात सरकवलं. काच मात्र आजतागायत फुटलेली नाही. तेवढ्यावरच मी घरात आहे.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. भिंतीवरच्या चित्रांची काळजी घ्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे लावा, म्हणजे मागून वारा खेळतो. चित्र देवाचं असो, आजोबांचं असो की यंत्रांच्या कंपनीचं. आणि फ्रेमवाला कड झाकू लागला, तर आधी कडेला काय आहे ते बघून घ्या.

हे शेवटचं वाक्य मी अलीकडेच जोडलं आहे. त्याचं कारण असं.

कमलाक्षीच्या मुलीला मिलानला नोकरी लागली. कमलाक्षी तिच्याकडे गेली. जाण्यापूर्वी तिने माझ्या पायाशी असलेल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा फोटो काढून घेतला होता. मायलेकी गाडीने त्या टेकडीवरच्या गावी गेल्या. चर्चमध्ये अंधार होता. नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो, अशी तिथे सोय आहे. त्यांनी नाणं टाकलं, दिवा लागला, आणि थोड्या वेळाने इथे म्हैसुरात शेषगिरींचा फोन वाजला. फोटो आला होता.

शेषगिरींनी तो माझ्यासमोरच मोठा करून दाखवला. शांताक्का खुर्चीत होत्या, नव्वदीचे विठ्ठलराव खाटेवर. मी पहिल्यांदाच स्वतःला पाहिलं. बाई तीच. देवदूत तोच, बिनडागाचा. रंग आपापल्या जागी, कडा एकेरी. बाईच्या मांडीवर पांढरं कापड पसरलेलं होतं. ओळी म्हणजे टाके होते. चिमटीत सुई होती, सुईतून दोरा वर गेला होता. आणि उजव्या कडेला, जी मानाजीरावांनी सोनेरी पट्टीखाली सारली होती तिथे, खिडकीत एक कात्री ठेवलेली होती.

शांताक्का खुर्चीतून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, “नरसिंहमूर्ती सार तर एम. ए. होते.”

विठ्ठलरावांनी हात पुढे केला. फोन घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले. ते आता काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणायचा त्यांना हक्कही होता.

“टाका लांब पडलाय,” ते म्हणाले आणि फोन परत दिला.

कमलाक्षीला कॉलेजातून काढून मशीनवर बसवण्याचा प्रश्न आता येत नाही. ती निवृत्त झाली आहे आणि तिची पेन्शन चालू आहे.